साठ पावलं

नदीच्या या काठाला सहा वाजलेत,
त्या काठाला सात.
मध्ये साठ पावलांचा पूल,
म्हणजे पावलाला एक मिनिट,
असा हिशेब मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मांडला होता
आणि साहेबांनी विचारलं होतं,
तुला दुसरं काम नाही का?

नदी देसाग्वादेरो.
इथे पेरू संपतो, बोलिव्हिया सुरू होतो,
किंवा उलट; सांगणारा कुठे उभा आहे त्यावर.
मी जकात नाक्यावरचा कारकून.
माझ्या वहीत ट्रक येतात:
सिमेंट, खाद्यतेल, सोयाबीनची पेंड.
शिक्का, सही, पुढचा.
तीनचाकी सायकली माझ्या वहीत येत नाहीत.
मंगळवारी, शुक्रवारी त्या नुसत्याच येतात,
पुढे माल, मागे पायडल मारणारा माणूस,
अंड्यांचे ट्रे हनुवटीपर्यंत रचलेले.
एलेउतेरिओचं एकही अंडं फुटत नाही.
म्हणतो, रस्ता नादान असला
की हात शहाणे होतात.

सातुर्निना चाम्बी या काठावर कांदे विकते.
बासिलिया आपासा त्या काठावर साखर.
एकीच्या लेकाची दुसरी धर्ममाता.
वीस वर्षांची उधारी, कागद एकही नाही,
बासिलियाच्या दुकानाच्या फळीवर खडूच्या रेघा
आणि सातुर्निनाचं डोकं,
दोन्ही दर शुक्रवारी ताडून बघायचं.
वजन झालं की वर मूठभर टाकायचं,
त्याला इकडे यापा म्हणतात.
यापा टाकला नाही तर गिऱ्हाईक रागवत नाही,
फक्त परत येत नाही.
आमच्या छापील तक्त्यात अकरा रकाने आहेत.
त्या मुठीला एकही नाही.

मग तिकडच्या पैशाला उतरती कळा लागली.
तिकडचा तांदूळ पाण्याच्या मोलाने मिळू लागला
आणि पाण्यासारखाच
रात्री, पुलाखालून, आवाज न करता वाहू लागला.
ला पाझने तांदळाला बांध घातला,
लिमाने तेलावर बोट ठेवलं,
ला पाझने अंड्यांवर.
दोन्हीकडून पत्रकं निघाली.
दोन्हींत 'बंधुभाव' हा शब्द तीन-तीनदा होता,
मी मोजला,
मला दुसरं काम नव्हतं:
पूल बंद होता.

नवव्या दिवशी सातुर्निना कठड्याशी येऊन उभी राहिली,
पाठीवरच्या रंगीत फडक्यात बहुतेक काहीच नव्हतं.
तिने हाक मारली.
तळ्यावरचा वारा त्या वेळी असा सुटतो
की माणसाची हाक त्याच्याच कानात परत येते.
ती पुन्हा ओरडली. मग तिने माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे माझ्या टेबलावरच्या भोंग्याकडे,
ज्यातून मी रोज सकाळी बंदी वाचून दाखवायचो.

मी दिला.
का दिला ते चौकशीत विचारलं तर सांगेन.

कामिसाकी, बासिलिया!
आख्ख्या नदीवर ऐकू गेलं.
पलीकडचे शिपाईसुद्धा वळले.
कांद्याचे एकशे चाळीस,
त्यातून साखरेच्या दोन पोत्यांचे वजा,
आणि त्या दिवशी तू मुलाच्या औषधाला दिलेले,
ते धरले नव्हतेस, ते धर.
मग जरा थांबून:
ताप उतरलाय त्याचा.

पलीकडे भोंगा नव्हता.
एक बाई दुकानात गेली,
खांद्यावर फळी घेऊन बाहेर आली,
पाण्याकडे तोंड करून तिने ती उभी धरली
आणि बाहीने पुसली.
पूर्ण नाही.
खालच्या कोपऱ्यात काहीतरी राहू दिलं.
इतक्या लांबून मला वाचता येईना.
सातुर्निनाला आलं असावं, ती हसली,
भोंगा माझ्या टेबलावर ठेवला,
शेजारी एक कांदा ठेवला, आणि गेली.

संध्याकाळी मी वही उघडली.
आयात: निरंक.
निर्यात: निरंक.
वेळेच्या रकान्यापाशी हात अडखळला,
सहा लिहू की सात.
सहा लिहिले.
पेन बासिलियाच्या दुकानातलं.
त्याचे पैसे मी अजून दिलेले नाहीत.